पत्नीने घेतलेले माझे नाव एकदा ऐकू देण्याबाबत

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
मा. कक्ष प्रमुख,
आदिवासी महिला नेतृत्व शिक्षण व समुदाय विकास कक्ष,
बोरगाव मेघे, वर्धा.

अर्जदार : बुधाजी सोमाजी मडावी, वय ५८, धंदा शेती, रा. खैरीटोला, पो. गिरड, ता. समुद्रपूर, जि. वर्धा.

विषय : माझी मयत पत्नी देवकाबाई हिने आपल्या प्रशिक्षणात माझे नाव घेतले, तो व्हिडिओ ३१ मार्चला पुसला जाण्यापूर्वी मला एकदा ऐकू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले प्रमाणपत्र, ऑक्टोबर २०२४ (पतीच्या जागी माझ्या भावाचे नाव).
२) आपली गैरहजेरीची नोटीस, जानेवारी २०२५ (मयतास).
३) आपले सत्काराचे पत्र, फेब्रुवारी २०२५ (मयतास व माझ्या भावास).
४) माझी तोंडी विनंती, ११ मार्च २०२५ (नामंजूर).

महोदय,

१. मी सातवी पास आहे. माझ्या भावाची नात काजल हा अर्ज संगणकावर करून देणार होती. तिने पहिली ओळ ‘अत्यंत दुःखद अंतःकरणाने’ अशी केली. मी म्हटले राहू दे, मी हाताने लिहितो. अक्षर व शुद्धलेखन यांची माफी असावी.

२. प्रकरण कळण्यासाठी आमची एक रीत आधी सांगावी लागते. आमच्या टोल्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. नवराही बायकोचे घेत नाही. तेहतीस वर्षे मी तिला ‘अवो’ म्हटले आणि ती मला ‘अजी’ म्हणाली, आणि कधी गैरसमज झाला नाही. टोल्यात ‘अवो’ म्हणणारे चौदा नवरे आहेत, पण आपापली बायकोच वळून पाहते. बाहेरच्या माणसाने नवऱ्याचे नाव विचारले तर बाई ते खुणेने सांगते. आमच्या वडिलांनी आम्हा भावांची नावे जन्माच्या वारावरून ठेवली. थोरले इतवारी, धाकटा मी बुधाजी. पुढे कार्यालयात याचा त्रास होईल हे त्यांना माहीत नव्हते.

३. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कक्षाचे पाच दिवसांचे नेतृत्व प्रशिक्षण झाले. आमच्या टोल्यातून माझी पत्नी आणि शेजारची तानाबाई अशा दोघी गेल्या. पहिल्या दिवशी आपले लिपिक श्री. योगेंद्र यांनी रजिस्टर भरले. पतीचे नाव विचारल्यावर माझी पत्नी म्हणाली, “आमचा बाजार ज्या वारी भरते न बाबू, तेच नाव हाय त्यायचं.” आमचा बाजार बुधवारचा. श्री. योगेंद्र यांच्या गावचा रविवारचा. त्यांनी पुन्हा न विचारता ‘इतवारी’ लिहिले. तिला सही येत होती, सावकाश वाचताही येत होते. पण मागे रांग होती. तिने सही करून जागा सोडली.

४. अशा रीतीने आपल्या कार्यालयाने तिला माझ्या थोरल्या भावाची पत्नी केले. इतवारीदादा तिचे भासरे. त्यांच्यासमोर ती डोक्यावर पदर घ्यायची. ते अंगणात असले तर मागच्या दाराने जायची. त्यांची खाट ज्या बाजूला असेल त्या बाजूने ती तेहतीस वर्षे गेली नाही. हे नाते कसे असते ते आपल्याकडील कोणत्याही आदिवासी कर्मचाऱ्यास विचारावे.

५. प्रशिक्षणाहून ती आली तेव्हा निळी फाईल, पेन आणि छातीवर लावायचा बिल्ला घेऊन आली. मी विचारले काय शिकवले. ती म्हणाली, “मले येत होतं तेच. फक्त खुर्चीवर बसून.” मग हसली आणि म्हणाली, “एक नवीन होतं. सांगीन कधी.” मी तेव्हा बैलाला पाणी दाखवत होतो. पुन्हा विचारले नाही.

६. आपण काढलेल्या यशोगाथा पुस्तिकेत पान १४ वर तिचा फोटो आहे. खाली लिहिले आहे की प्रशिक्षणापूर्वी देवकाबाई घराबाहेर बोलत नसत. पुस्तिका टोल्यात आली तेव्हा हे वाक्य काजलने मोठ्याने वाचले आणि सगळे हसले. हसून झाल्यावर एकेक जण उठून गेला, कारण ती जाऊन तेव्हा महिना झाला होता. महोदय, हातपंपावर आधी कोणाची घागर, लग्नात आधी कोणाची पंगत, कोणत्या मुलीला शाळेतून काढायचे नाही, हे आमच्या टोल्यात तीच ठरवत होती. एकाने दारू पिऊन बायकोला मारले तेव्हा तिने त्याला दोन दिवस घराबाहेर ठेवले आणि त्याच्या आईकडून दाराला कडी घालून घेतली. आपण तिला नेतृत्व दिले असे पुस्तिकेत आहे. आपण तिला फाईल दिली. फाईल चांगली आहे. त्याबद्दल मी आभारी आहे.

त्याच पानावर बसथांब्याचे लिहिले आहे. खरा प्रकार असा. आमच्या फाट्यावर बस थांबत नव्हती आणि नऊ मुली पुढच्या गावापर्यंत चालत जात होत्या. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे तिने तीन अर्ज केले. उत्तर आले नाही. चौथ्या वेळी तिने घरातल्या जुन्या कोठीचा पत्रा कापला, काजलकडून त्यावर पिवळ्या रंगाने ‘बस थांबा’ लिहून घेतले आणि फाट्यावर रोवला. मुलींना सांगितले, “इथं उभ्या राहा. हात दाखवू नका. हात दाखवला तर त्याले वाटते आपण मागून राह्यलो.” तिसऱ्या दिवशी बस थांबली. चालकाला वाटले वरून आदेश आला. पुस्तिकेत मात्र ‘अर्जलेखन कौशल्यातून थांबा मंजूर’ असे आहे. थांबा मंजूर नाही. पत्रा आमच्या कोठीचा आहे. हे मी लिहिण्याच्या ओघात लिहून गेलो. कृपया हा परिच्छेद दुसऱ्या कोणत्याही कार्यालयास पाठवू नये. मुली रोज तिथूनच बसतात.

७. ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र आले. काजलने वाचले, ‘श्रीमती देवकाबाई इतवारी मडावी’. माझी पत्नी इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. मग तिने तो कागद कोठीत धान्याच्या खाली घातला, भासऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. मी म्हटले दुरुस्त करून आण. ती म्हणाली, “काऊन? गेली तर तो बाबू पुन्हा विचारीन, नवऱ्याचं नाव सांगा. मंग मी पुन्हा बाजार सांगीन, न् तो आणखी तिसराच गडी लिहीन. राहू द्या. मले मालूम हाय न मी कोणाची हाय.”

८. दिनांक ९ डिसेंबर रोजी कापूस वेचताना तिच्या छातीत दुखले आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती वारली. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

९. जानेवारीत आपली नोटीस आली. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यास श्रीमती देवकाबाई इतवारी मडावी विनापरवानगी गैरहजर राहिल्या, सबब सात दिवसांत खुलासा सादर करावा. मी मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आपल्या कार्यालयात आलो. श्री. योगेंद्र यांनी विचारले, “मयताचं नाव?” मला ते तोंडाने घेता आले नाही. मी कार्ड पुढे सरकवले. मागच्या माणसाला वाटले मी मुका आहे. तो म्हणाला, “बाबू, त्याले लिहून द्या.”

श्री. योगेंद्र यांनी कार्ड आणि रजिस्टर शेजारी ठेवून पाहिले. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग ते म्हणाले, “काका, कार्डावर देवकाबाई बुधाजी आहे. आमच्याकडे देवकाबाई इतवारी आहे. या दोन बाया झाल्या. तुमच्या वारल्या. आमच्या आहेत.”

मी म्हटले, फोटो एकच आहे. ते म्हणाले, फोटोवरून नाव बदलता येत नाही.

मी बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला, तेव्हा लक्षात आले की मला राग आला नव्हता. एवढ्या मोठ्या इमारतीत एका रजिस्टरात ती आहे, कोणीतरी तिची गैरहजेरी लावत आहे, हे ऐकून मला थोडे बरे वाटले होते. घरी तर आता कोणी गैरहजेरीही लावत नाही. म्हणून मी त्या वेळी लेखी तक्रार केली नाही. ही माझी चूक मी मान्य करतो.

नंतर आपला माणूस टोल्यात आला आणि रजिस्टरप्रमाणे पती म्हणून इतवारीदादांचा अंगठा घेऊन गेला. खुलाशात ‘प्रकृतीच्या कारणास्तव येऊ शकल्या नाहीत’ असे लिहिले होते. ते खोटे म्हणता येत नाही.

१०. फेब्रुवारीत पत्र आले की देवकाबाई इतवारी मडावी यांची आदर्श महिला नेतृत्वासाठी निवड झाली असून त्यांनी ८ मार्च रोजी पतीसह उपस्थित राहावे, त्या आजारी असल्यास पतीने सत्कार स्वीकारावा. इतवारीदादा सत्तरीचे आहेत. त्यांना कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. काजलने पत्र दोनदा ओरडून सांगितले. ते म्हणाले, “मले काऊन बोलावून राह्यले? मी का केलं?” मग म्हणाले, “सरकारचं बोलावणं हाय. नाई गेलो तं रेशन बंद करतीन.” मी जाऊ नका म्हटले, ते त्यांना ऐकू आले नाही. मी स्वतः गेलो नाही. मेलेल्या बाईचा सत्कार पाहायचा नाही असे मी ठरवले होते. तीही माझी चूक.

तानाबाई कार्यक्रमाला होती. इतवारीदादांना पहिल्या रांगेत बसवले. शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. त्यानंतर पडद्यावर प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ लावला. त्या दिवशी प्रत्येक बाईने उभे राहून आपले नाव, नवऱ्याचे नाव आणि आपण करणार ते काम मोठ्याने सांगायचे होते, असे शिकवणाऱ्या मयुरी मॅडमनी ठरवले होते. हे तानाबाईने मला ८ तारखेला संध्याकाळी सांगितले. तोपर्यंत मला काही माहीत नव्हते. तिला वाटत होते घरी सांगितले असेल.

पडद्यावर काय झाले ते तानाबाईच्या सांगण्याप्रमाणे लिहितो. माझी पत्नी उठली, पदर खोचला, आपले नाव सांगितले आणि थांबली. बायका हसायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, “घ्या ना देवकाताई, इथे कोणी ऐकत नाहीये.” ती म्हणाली, “कोणी आयकत नाई तं घेऊन काय फायदा?” सगळे आणखी हसले. मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “बुधाजी. माह्या मालकाचं नाव बुधाजी मडावी हाय. बुधवारचा बुधाजी. लिहून घ्या.” आणि खाली बसली. काम सांगायचे विसरली, म्हणून पुन्हा उठून थांब्याचे सांगितले.

महोदय, हे आपल्या सभागृहात दोनशे लोकांसमोर मोठ्या आवाजात वाजले. त्याच वेळी मंचावर ‘पती श्री. इतवारी’ असे लिहिलेला फलक होता. तानाबाईने उठून श्री. योगेंद्र यांना सांगितले. ते म्हणाले, “ताई, कार्यक्रम चालू आहे, बसा.” पहिल्या रांगेत एक माणूस असा होता की ज्याला हे सांगायचा अर्थ होता, आणि त्याला ऐकू येत नाही.

इतवारीदादा घरी आले तेव्हा शाल घडी घालून माझ्या हातात दिली. “हे तुह्या घरचं हाय,” म्हणाले. “मले उगाच देल्लं. पडद्यावर तुही बायको दिसली. चांगली दिसत होती. काय बोलली ते मले समजलं नाई.” आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याविषयी माझ्याशी एवढे बोलले.

११. दिनांक ११ मार्च रोजी मी कार्यालयात आलो आणि व्हिडिओ मागितला. मला सांगण्यात आले की व्हिडिओ फक्त प्रशिक्षणार्थीला किंवा तिच्या पतीला दाखवता येतो. मी म्हटले पती मीच. पुरावा मागितला. मी म्हटले व्हिडिओ लावा, ती स्वतः सांगते पती कोण. श्री. योगेंद्र म्हणाले की व्हिडिओ लावण्यासाठी आधी पती असल्याचे सिद्ध झाले पाहिजे. मी विचारले, मग इतवारीदादांना आणले तर? ते म्हणाले, त्यांना दाखवता येतो, काही अडचण नाही. मी म्हटले त्यांच्यासोबत मी बसतो. ते म्हणाले, एका वेळी एकच. म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे हा व्हिडिओ ऐकण्यास संपूर्ण वर्धा जिल्ह्यात एकच माणूस पात्र आहे आणि तो बहिरा आहे.

रजिस्टर दुरुस्त करण्याबाबत विचारले असता असे कळले की नाव दुरुस्त केल्यास दोन बायांची एक बाई होईल, ती मयत निघेल, मयत प्रशिक्षणार्थीची फाईल बंद होईल, आणि बंद फाईलचा व्हिडिओ कोणासच दाखवता येत नाही. शिवाय नवीन तुकडीसाठी संगणकात जागा करायची असल्याने जुने सर्व व्हिडिओ ३१ मार्चला पुसण्यात येणार आहेत. श्री. योगेंद्र यांनी हे सर्व मला समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, “काका, मला पण कसंतरी वाटते, पण सिस्टममध्ये नाही.” त्यांच्यावर कारवाई करू नये. त्यांनी पाणीही विचारले.

१२. प्रशिक्षणाच्या फाईलमध्ये एक छापील पान आहे. त्यावर लिहिले आहे, ‘मागणी एकच असावी, स्पष्ट असावी आणि कोणाकडे आहे ते माहीत असावे.’ तिने त्याच्याखाली पेनाने रेघ मारली आहे. त्याप्रमाणे मी करतो.

माझी मागणी एकच आहे. ३१ मार्चपूर्वी कोणत्याही दिवशी, आपल्या सोयीच्या वेळी, मला तो व्हिडिओ एकदा ऐकू द्यावा. संपूर्ण पाहायचा नाही. इतर बायांचे बोलणे त्यांच्या घरच्यांचे आहे. ती उठते तिथून बसते तिथपर्यंत पुरे. तेवढ्याने सभागृहाची वीज फार जळणार नाही. पती म्हणून दाखवता येत नसेल तर कापूस वेचणारा, चौकीदार, झाडझूड करणारा, ज्या नात्याने नियमात बसेल त्या नात्याने दाखवावा. त्या खोलीत झाडू मारता मारता ऐकण्यास माझी हरकत नाही.

ओळखीसाठी पुरावा लागत असेल तर मी एक करू शकतो. जानेवारीत मला तिचे नाव घेता आले नाही. आता मी खिडकीसमोर उभा राहून, रांगेतल्या सर्वांसमोर, तिचे नाव मोठ्याने घेईन. घरी दोन-तीनदा करून पाहिले. पहिल्यांदा अर्धेच निघाले, नंतर जमले. आमच्या टोल्यात परका माणूस हे करणार नाही. आपल्या नियमावलीत अशा पुराव्याची सोय नसेल, पण तिच्याकडून आपण हाच पुरावा घेतला आहे.

तिने त्या दिवशी विचारले होते, कोणी ऐकत नसेल तर घेऊन काय फायदा. त्याचे उत्तर माझ्याकडे आहे, पण त्यासाठी मला आधी ऐकावे लागेल.

१३. व्हिडिओ ऐकून झाल्यावर आपण रजिस्टरात इतवारीदादांचे नाव काढून माझे घालावे. त्यानंतर ती आपल्याकडेही वारेल, हे मला समजते. त्यामुळे या दुरुस्तीची मला घाई नाही. पहिल्या मागणीसाठी चौदा दिवस आहेत. दुसरीसाठी मात्र आपल्या कार्यालयाने नेहमी लागतो तेवढा वेळ अवश्य घ्यावा.

आपल्या रजिस्टरात नसलेला,

(सही)
बुधाजी सोमाजी मडावी
देवकाबाईचा नवरा

सोबत :
१) मृत्यूचा दाखला, छायाप्रत.
२) रेशनकार्ड, छायाप्रत.
३) मूळ प्रमाणपत्र. धान्याखाली होते, त्यामुळे कोपऱ्याला भोक आहे. काम झाल्यावर परत मिळावे.
४) तानाबाईचा जबाब, अंगठ्यासह. तिने पतीचे नाव खुणेने सांगितले आहे. कृपया अंदाजाने लिहू नये, मला विचारावे.
५) बसथांब्याचा फोटो जोडलेला नाही. कारण परिच्छेद ६.
६) काजलचा पेन ड्राइव्ह, रिकामा. नियमात बसत असेल तर.